चिंच लावू नका

श्रोतेहो, नमस्कार. सणवार जवळ आला की घरोघरी पितळेची भांडी निघतात. तांब्या घासा, समई घासा. पण घरात जुना पितळी सूक्ष्मदर्शक असेल, तर त्याला चिंच लावू नका. पुन्हा सांगतो, चिंच लावू नका.

मला चोर बाजारात मटण स्ट्रीटवर असा एक मिळाला, मधाच्या रंगाचा. टेबलावर ठेवून मी कामावर गेलो. परत येतो तर आत्याने तो घासून पिवळाधमक केलेला! "किती रे मळला होता," म्हणाली. तो मळ नव्हता हो. ती लाखेची झिलई होती, पितळ काळवंडू नये म्हणून कारखान्यात चढवलेली. ती निघाली आणि पुढच्या पावसाळ्यात उघड्या पितळेवर काळे डाग उठले.

आत्या फार हळहळली. म्हटलं, बस इथे. आरसा खिडकीकडे वळवला. याला वीज लागत नाही. आरसा उजेड वर फेकतो. खालचं भिंग नळीत मोठी प्रतिमा उभी करतं, डोळ्याजवळचं तीच आणखी वाढवतं. दहापट गुणिले दहापट, म्हणजे शंभरपट. कांद्याच्या पाकळीचा आतला पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब सोडला. बाजूचं चाक फिरवलं, दातेरी पट्टीवरून नळी सरकली.

आत्याने एक डोळा मिटला. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, ही तर चटई विणलीय! आणि घराघरात एकेक टिकली!" ती टिकली म्हणजे पेशीचं केंद्रक. जन्मभर कांदे चिरले तिने, पण कांदा पाहिला त्या दिवशी. शाळांनी सूक्ष्मदर्शक कुलपात ठेवू नयेत, मुलांच्या हाती द्यावेत, असं मला कळकळीने वाटतं. यंत्र जुनं, मोडकं असलं म्हणून अडत नाही. डॉक्टर रोनाल्ड रॉसना १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले होते आणि नेत्रभिंगाला तडा गेलेला होता!

तर काय करायचं? कोरडं, मऊ सुती फडकं, बस्स. स्पिरिट नको, त्यात लाख विरघळते. चिंच तर नकोच.

आमचा सूक्ष्मदर्शक आता खिडकीत असतो. डाग तसेच आहेत. कांदा चिरताना आत्या एक पापुद्रा वाटीत बाजूला काढून ठेवते.