टपावरचा गंज: जुन्या ४०७ची दुरुस्ती

(दृश्य: बंदर, पहाट. बर्फाचे क्रेट चढताहेत.)

टाटा ४०७ ही छोटी मालगाडी रस्त्यावर आली १९८६ साली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी भरायला आजही तिच्या जुन्या केबिनी उभ्या दिसतात. इंजिनाचं काम झालेलं असतं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदललेले असतात, माल भरायच्या हौद्याला नवा पत्रा असतो. टपाकडे, म्हणजे केबिनच्या छताकडे, मात्र कुणाचं लक्ष नसतं, कारण तो नजरेच्या वर असतो. भर पावसात ड्रायव्हरच्या मांडीवर थेंब पडला, की मग शिडी लागते.

(दृश्य: टप वरून. कॅरियर, ओली ताडपत्री, पन्हळ.)

वरून दिसतात ते दोन-चार फुगे. रंगाचा फुगा स्क्रूड्रायव्हरने टोचला की टोक सरळ केबिनमध्ये उतरतं. म्हणजे गंज वरून खाली गेलेला नाही, खालून वर आलाय.

टपाच्या कडेच्या पन्हळीत टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. वरचं सीलंट तडकलं की दोन पत्र्यांमधली फट पाणी ओढून घेते आणि सोडत नाही. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी फट ओलीच राहते. दुसरी जागा कॅरियरच्या बोल्टांची. भोक पाडल्यावर त्याच्या कडेला रंग लावायची तसदी फार कमी जण घेतात, आणि वर ओली ताडपत्री गुंडाळून ठेवलेली असते. तिसरी जागा सजावटीची: आतून रेक्झिन, त्यामागे स्पंज, त्यामागे प्लायवूड. एकदा भिजलेला स्पंज आठवडाभर पत्र्याला चिकटून ओला राहतो.

म्हणून पहिलं काम आतून. रेक्झिन, स्पंज, दिवे, वायरी, सगळं उतरवायचं. मग वरचं कॅरियर आणि हॉर्न. साबणाच्या पाण्याने टप धुवायचा आणि छोट्या हातोडीने हलके ठोके देत फिरायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने गोल. हे गोल नेहमीच वरच्या डागांपेक्षा मोठे निघतात.

(दृश्य: ग्राइंडर, ठिणग्या.)

नुसता वरवरचा गंज असेल तर ८० नंबरच्या डिस्कने घासून पत्रा उजळ करायचा, डागाच्या बाहेर निदान दोन इंच. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावायचं, डब्यावर लिहिलंय तसं धुवायचं, पूर्ण सुकवायचं. आम्ल राहिलं तर वरचा प्रायमर धरत नाही.

भोक पडलं असेल तर कापायचंच. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे भोकावर जाळी ठेवून लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, फासणं. लांबी पाणी पिते. खालचा गंज चालूच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात ठिगळासकट सगळं उचलून येतं.

चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि २० गेजच्या, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरच्या पत्र्याचं ठिगळ कोपरे गोल करून बसवा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा. केबिनमध्ये उरलेला स्पंजचा एक तुकडाही पेट घेतो. सीओटू वेल्डिंगला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या वेल्डिंगला, ०.८ मिलिमीटरची तार पुरते. सलग रेघ ओढायची नाही. टप हा मोठा, सपाट, आधार नसलेला पत्रा आहे. तापला की पोट काढतो, आणि मग ते पोट बसवता बसवता डेंटरचा दिवस जातो. इंचाइंचावर टाके घ्या, एक इकडे, पुढचा समोरच्या बाजूला, मध्ये गार होऊ द्या.

(दृश्य: पन्हळ, ब्रश.)

घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, आतून आणि बाहेरून. किनाऱ्यावर उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. प्रायमर सुकल्यावर पन्हळीत सीम सीलर, म्हणजे जोड बुजवायचं सीलंट, भरून बोटाने दाबायचा. लांबी त्यानंतर, १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर, जाडी तीन मिलिमीटरच्या आत. हार्डनर जास्त झालं तर वरच्या रंगात डाग उमटतात. लांबी कोरडीच घासा, आधी ८० नंबरच्या पेपरने, मग १८०च्या. पाण्याने घासायचा वॉटर पेपर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा गुळगुळीत थर, मारल्यानंतर, ६०० नंबरचा.

जुना रंग कोणता, हेही आधीच बघून ठेवलेलं बरं. थिनरचं फडकं मिनिटभर धरा. रंग सुटला किंवा मऊ पडून सुरकुतला, तर त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारू नका; थिनर खालचा थर उचलतो. असा टप पूर्ण पत्र्यापर्यंत उतरवणंच बरं.

टपाला रंग लिटरभर पुरतो. पांढरा घेतला तर केबिन कमी तापते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा. गन १५ ते २० सेंटिमीटरवर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. जवळच्या कडेपासून मध्यापर्यंत या, मग पलीकडे जाऊन मधल्या ओल्या पट्ट्यापासून आपल्याकडे. रंगाच्या दोन थरांमध्ये १० ते १५ मिनिटं. दमट दिवशी काम टाळा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो.

(दृश्य: कॅरियर परत बसतंय.)

बोल्टाच्या प्रत्येक भोकाच्या कडेला ब्रशने प्रायमर, खाली रबर वॉशर, भोवती सीलंट. ताडपत्री आठवडाभर तरी वर ठेवायची नाही.

रेक्झिन लावण्याआधी आतल्या जोडांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा आणि टपावर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरा. पट्टी जिथे ओली होईल, तिथलं सीलंट खरवडून पुन्हा भरा.