पत्रकाराचं लहानपणचं घर शोधताना

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईच्या एखाद्या जुन्या पत्रकाराचं लहानपणचं घर शोधायचं म्हटलं, की लोक आधी जन्मदाखल्यामागे धावतात. पहिली चूक तिथेच होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दाखल्यावर आजोळचा नाहीतर प्रसूतिगृहाचा पत्ता, आणि मूल वाढलं ते घर तिसरंच. शिवाय मुंबई गाजवलेले सगळे संपादक मुंबईत वाढलेले नाहीत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे, प्रबोधनकार ठाकरे पनवेलचे, आचार्य अत्रे सासवडचे. तेव्हा बालपण मुंबईतच गेलं ना, हे आधी पक्कं करावं.

मग शाळा. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून जनरल रजिस्टरातली, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीतली नोंद मागावी. लेखनातलं टोपणनाव तिथे सापडायचं नाही. मूळ नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल द्यावं. रजिस्टरात घरचा पत्ता असेलच असं नाही, पण आधीची शाळा लिहिलेली असते. ती प्राथमिक शाळा कळली की घर पोराच्या पायी चालण्याच्या टप्प्यात, म्हणजे शोध दोन-चार वाड्यांवर येतो.

खरा पत्ता सांगते भाडेपावती. मालकाचं नाव, चाळ, खोली नंबर, महिना, सगळं एका चिटोऱ्यावर. कुटुंबीयांकडे जुन्या ट्रंकेत तीच विचारावी. मात्र एका पावतीवर विसंबू नये, त्या काळी बिऱ्हाडं वरचेवर बदलत. शाळेच्या वर्षांशी जुळणारी पावती धरावी.

आता रस्ता. गिरगाव बॅक रोडचा झाला विठ्ठलभाई पटेल मार्ग, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. दोघे भाऊ, त्यामुळे व्ही.पी. रोड आणि एस.व्ही.पी. रोड यांत हमखास गल्लत होते. क्वीन्स रोड म्हणजे आजचा महर्षी कर्वे रोड. चाळीचं नावही मालकाबरोबर बदलतं आणि घरनंबरही नव्याने पडतात. त्या मानाने टिकतो तो जमिनीचा सी.एस. नंबर, म्हणजे सरकारी मोजणीत त्या तुकड्याला दिलेला क्रमांक. मुंबई शहरच्या भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी, म्हणजे मालकांची नावं क्रमाने दिसतात आणि पावतीवरचा मालक त्यांत शोधता येतो. नंबरासोबत विभाग लिहायला विसरू नये. गिरगाव विभागातला आणि भुलेश्वर विभागातला तोच आकडा म्हणजे दोन वेगळ्या जागा.

जागा सापडली म्हणजे घर सापडलंच असं नाही. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि नवे रस्ते काढताना दाट वस्तीतली कितीतरी घरं पाडली गेली. पुढे लाहोरच्या वर्तमानपत्रात नोकरी करणारा रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ला जे.जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मला. तिथे पाटी आहे, बंगलाही आहे, पण आज उभा असलेला बंगला त्याच्या जन्मानंतरचा. पाटी जागेची खूण सांगते, भिंतींची हमी देत नाही. म्हणून इमारत कधी बांधली ते वेगळं तपासावं. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत असेल आणि ‘अ’ वर्गात असेल, तर ती १ सप्टेंबर १९४०च्या आधीची एवढं तरी नक्की.

चाळ अजून उभी असली, तर खोली ठरवणं हे सर्वांत नाजूक काम. दोन खोल्या मधली भिंत पाडून एक केलेल्या असतात, मग पुढचे नंबर सरकतात. जिन्याखालचा मीटरबोर्ड पाहावा; नव्या रंगाखाली कधी जुना आकडा दिसतो. दुपारच्या झोपेच्या वेळी कुणाचं दार वाजवू नये, लोक तिथे राहतात. आणि म्हाताऱ्या भाडेकरूंना ‘ते कुठे राहायचे?’ असं विचारू नये. मोठ्या माणसाची खोली जो तो आपल्या दाराजवळ आणतो. ‘त्यांच्या शेजारी कोण राहायचं?’ असं विचारावं, दोघा-तिघांना वेगवेगळं. दोन्ही बाजूंची बिऱ्हाडं जुळली, की मधली खोली त्यांची.