पंडिताबाई आणि बिशप

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'शारदा सदनावरचं वादळ'. शारदा सदन म्हणजे पंडिता रमाबाईंची विधवांसाठीची शाळा. म्हणजे १८९३, 'केसरी', पुण्यातला गदारोळ. ते आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. ऐकताना छाती जरा फुगतेही, कारण विरोध करणारे 'ते' होते, आपण ख्रिस्ती नव्हे. म्हणून मी आधी इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला जाणार आहे. काळजी नको अध्यक्षमहाराज, पुण्याला परत येतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३चा, इंग्लंडात, वाँटेजला. डॉक्टर व्हायला गेलेल्या, पण कानांनी दगा दिला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं ठरलं. शिकवता शिकवता पुरुष विद्यार्थीही घ्यावेत असं निघालं आणि हिंदुस्थानातल्या बिशपांचं धाबं दणाणलं. बाईनं पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिची पत राहील का, ही काळजी. या इंग्रज साहेबांना आपल्या आळीतल्या लोकांची केवढी चिंता! (हशा)

अहो, या बाईचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींनी छळलं, तर गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. त्या रानात लक्ष्मीबाई तरुण मुलांना पाठ देत. रमाबाईंनी पत्रात हेच सुनावलं: माझ्या आईनं किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी, नवऱ्यानं कधी हरकत घेतली नाही, आणि इंग्रज घेतात?

पुढे तर त्रैक्यावरच, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणुकीवरच, प्रश्न. वाँटेजच्या मठातली सिस्टर जेराल्डिन, त्यांची धर्ममाता, हबकून गेली. हिला गर्व झालाय म्हणाली. बाईंचं उत्तर असं की, मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण पाळक-बिशपांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. हे लिहिताना वय सत्तावीसच्या आसपास. विधवा, पदरात लहानगी मनोरमा, छप्पर आणि जेवण याच मंडळींच्या हातात. आपल्याकडे वार्षिक सभेत हिशेबावर साधा प्रश्न विचारा. पुढच्या वर्षी चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत तुमचं नाव नसतं. मागे बसलेल्या काहींना अनुभव आहे, हसू नका.

परक्यांपुढे खरं बोलायला धैर्य लागतंच, पण पाठीशी आपली माणसं उभी असतात. घरच्यांपुढे बोलणाऱ्याच्या पाठीशी कोण?

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' बरं.

तर १८९३. सदनात धर्मशिक्षण नाही, हे ठरलेलं. बाई मनोरमेला घेऊन स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली आपणहून येऊन बसत. बाई मुलींना ख्रिस्ती करतात, असा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावलं नाही. मला इथे इंग्लंडातली ती पत्रं आठवतात. स्वतःच्या सदसद्विवेकावर बिशपांची जबरदस्ती जिनं चालू दिली नाही, तिनं मुलींवर ती केली असेल असं मला वाटत नाही. आणि मुलींना दटावून बाहेर घालवणं हीसुद्धा जबरदस्तीच झाली असती. याचे पुरावे आणले होते, राहू द्या.

बायबलचं तर राहिलंच. मिशनऱ्यांचं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जातं, हेही त्यांनी आपल्याच लोकांना सांगितलं. नुसतं सांगून थांबल्या नाहीत. हिब्रू-ग्रीक शिकून स्वतः भाषांतर केलं. केडगावला त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. १९२२ साली बाई गेल्या. ते बायबल १९२४ला बाहेर पडलं.

अध्यक्ष उठले. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.