किडनीतली गाठ निघाली, पण परत येईल का?

नमस्कार मंडळी. किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली असं सर्जननी सांगितलं, की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, परत तर नाही ना येणार?" याचं उत्तर आजही बहुतेक वेळा काढलेल्या गाठीच्या रिपोर्टवरूनच दिलं जातं. गाठ केवढी होती, किडनीच्या बाहेर गेली होती का, लिम्फ नोडमध्ये म्हणजे जवळच्या लसीका ग्रंथींमध्ये काही सापडलं का, पेशींचा ग्रेड म्हणजे त्या किती बिघडलेल्या दिसतात, आणि गाठीत मेलेला भाग म्हणजे नेक्रोसिस आहे का. क्लिअर सेल हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, त्यासाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ मध्ये या पाच गोष्टींना मार्क देऊन लिबोविच स्कोअर तयार केला. त्यांच्या पेशंटमध्ये कमी स्कोअरवाल्या शंभरातल्या ९७ जणांचा कॅन्सर पाच वर्षांत कुठेही पसरला नाही, जास्त स्कोअरवाल्यांत मात्र फक्त ३१ जणांचा. मधल्या गटात ७४. आता पंचाईत अशी की त्या ७४ मध्ये आपण की उरलेल्या २६ मध्ये, हे काही स्कोअर सांगत नाही.

आणि हे कळायला हवंय, कारण कॅन्सर परत येऊ नये म्हणून आता औषध आहे. पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, साधारण वर्षभर सलाईनमधून द्यायची. ९९४ जणांच्या ट्रायलमध्ये चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के जिवंत होते, प्लासिबो म्हणजे औषधाशिवायचं नुसतं सलाईन घेतलेले ८६ टक्के. फायदा नक्कीच आहे, पण बघा ना, प्लासिबोवाल्यांतलेही ८६ टक्के होतेच की! म्हणजे बरेच जण औषधाशिवायही ठीक राहिले असते, आणि या औषधाने थायरॉईड बिघडणं वगैरे त्रास होऊ शकतो, खर्च तर विचारूच नका. माझ्या मते रक्तातल्या मार्करची, म्हणजे कॅन्सर उरलाय का याची खूण देणाऱ्या घटकाची, खरी गरज इथेच आहे, औषध कुणाला नको ते सांगायला.

सध्या ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातंय तो मार्कर म्हणजे किम-१. किडनीच्या बारीक नळ्यांना इजा झाली की हे प्रोटीन वाढतं, आणि क्लिअर सेल कॅन्सर त्याच नळ्यांच्या पेशींतून सुरू होतो. गाठ निघाल्यावरही रक्तात किम-१ जास्त राहिलं तर कुठेतरी पेशी उरल्या असाव्यात अशी शंका येते. अटेझोलिझुमॅब नावाच्या दुसऱ्या इम्युनोथेरपीची ट्रायल एकूण पाहता फेल गेली होती, २०२२ मध्ये निकाल आला, पण नंतर त्याच पेशंटचं साठवलेलं रक्त तपासलं तर किम-१ जास्त असलेल्यांना औषधाचा फायदा झालेला दिसला आणि कमी असलेल्यांना नाही. मला तर हे फार इंटरेस्टिंग वाटतं, फक्त हे मागाहून केलेलं विश्लेषण आहे, त्यावर लगेच उपचार ठरवता येत नाहीत. शिवाय डायबेटिसमुळे किडनी खराब झाली असेल तरी किम-१ वाढतं, मग वाढलं ते कशामुळे हे कसं ओळखणार?

रक्तात फिरणारा गाठीचा डीएनए शोधायची टेस्टही आहे, आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती बरी चालते, पण किडनीची गाठ रक्तात डीएनए फारच कमी सोडते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

तेव्हा कुणी महागडी टेस्ट सुचवली तर आधी एवढंच विचारा, रिपोर्ट काहीही आला तरी माझ्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार? काहीच बदलणार नसेल तर ते पैसे फॉलोअपच्या सीटी स्कॅनसाठी ठेवा.