हाताशी येणारी झाडं

वडोदऱ्यातल्या या वृद्धाश्रमाची बाग बघायची तर नजर जरा खालीच ठेवा.

वर बघण्यासारखं नाही असं नाही. फाटकाजवळ गुलमोहर आहे, मूळचा मादागास्करचा. पण त्याचा सगळा थाट शेंड्याला. ज्यांची मान वर होत नाही, त्यांना मे महिन्यात खाली पडलेला पाकळ्यांचा सडा तेवढा मिळतो. गुलमोहर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीवाल्यांचा, असं इथे ठरूनच गेलंय.

खालच्यांची वर्दळ बकुळीपाशी. पहाटे फुलं पडतात आणि सहा-साडेसहाला दोन-तीन आज्या परड्या घेऊन हजर. बकुळीचं फूल गळताना देठ झाडावरच ठेवून येतं, त्यामुळे त्याला मधोमध आयतं भोक असतं. सुई लागत नाही. या आजींचे हात बघा, कंप आहे. दोरा ओवणं त्यांना कधीचंच जमत नाही. पण केरसुणीचा एक हीर हातात धरायचा आणि फुलं सरकवत जायची, हे जमतं. हीर भरला की त्यावरून फुलं अलगद दोऱ्यावर घ्यायची, गजरा तयार. आणि बकूळ सुकली तरी वास सोडत नाही. कपाटातल्या लुगड्यांच्या घड्या उघडून खात्री करून घ्या.

मागे बुचाचं झाड आहे. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांची वेणी बिनदोऱ्याची गुंफता येते. लाकूड मात्र ठिसूळ, वादळात फांदी कधी येईल नेम नाही. त्याच्याखाली बाक ठेवलेला नाही.

कैलासपतीच्या खालीही नाही, पण त्याचं कारण वेगळं. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, गयानाकडचं. फुलं शेंड्याला नाहीत, थेट खोडातून निघालेल्या लोंबत्या फांद्यांवर येतात. म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाच्या नाकासमोर. जाड गुलाबी पाकळ्या, मध्ये पिवळसर चकती, वर नागफणा. आपण त्यात शंकराची पिंड बघतो. भुंग्याला त्याचं काय! फुलात मध नाही. फण्यातले पराग रुजणारे नाहीत, ते फक्त त्याच्या खाण्यापुरते. ते खाता खाता चकतीभोवतीचे खरे पराग अंगाला लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. फळं मात्र तोफेच्या गोळ्यासारखी, कडक आणि जड. म्हणून फळांचा टप्पा सोडून दोरी बांधलीय. फुलाचा वास दोरीच्या अलीकडेही येतो.

काही झाडं मुद्दाम लावली नाहीत. देवाला पिवळी कण्हेर हवी, असा आग्रह झाला होता. तिची बी विषारी असते आणि इथल्या काहीजणांना हातात काय आहे याचं भान राहत नाही. देवाला जास्वंद चालते.

पपई लावायची तर उंचवट्यावर. हे शहर विश्वामित्रीच्या काठचं. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी वस्त्यांमध्ये शिरली होती आणि पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचलं तरी झाड बसतं.

माळीबुवांना सल्लागारांची वाण नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली करून दिलेल्या कमाटीबागेत लहानपण घालवलेली ही मंडळी. कुठलंही झाड दाखवा, ‘कमाटीबागेत होतं’ हे ऐकून घ्यावं लागतं. आणि वर, कसं छाटायचं तेही.

सध्या वाद फणसावरून आहे. फणसही खोडालाच धरतो, अगदी कमरेइतक्या उंचीवर. कोकणातून लग्न होऊन इकडे आलेल्या एक आजी रोज काठी टेकत येतात आणि फळावर थापट्या मारून आवाज ऐकतात. त्यांना पिकलेले गरे हवेत. स्वयंपाकघराचं म्हणणं, कोवळा असतानाच काढून भाजी करू, तेवढ्यात सगळ्यांना पुरेल. आजोबा मंडळी भाजीच्या बाजूने आहेत. बऱ्याच जणांना शुगर आहे. आजींनी व्यवस्थापकांकडे तोंडी अर्ज केलाय. एक फणस भाजीला गेला, उरलेल्या दोघांचा निकाल लागायचाय.