काजूवर जगणारा देश गिनी-बिसाऊ

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? आज जरा लांब जाऊया. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, सेनेगलच्या खाली, गिनी-बिसाऊ नावाचा छोटासा देश आहे, लोकसंख्या 20 लाखांच्या आसपास, आणि निर्यातीत 90 टक्क्यांच्या वर एकटा काजूच! पोर्तुगीजांनी ब्राझीलचं हे झाड गोव्यात आणलं तसं तिकडेही नेलं, आणि आज तिथली कच्ची बी वर्षानुवर्षं भारतातल्या कारखान्यांत फोडायला येतेय.

एप्रिल ते जून अख्खं घर बागेत, पोरंसोरंसुद्धा. खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायचे, पिरगळून बी वेगळी करायची, वाळवायची, पोत्यात भरायची. बोंडांचा रस बायका काढतात, आंबवून त्याची वाईन करतात आणि विकतात. मग व्यापारी तांदळाची पोती घेऊन गावात येतो, काजू द्या तांदूळ घ्या, असा सौदा चालतो आणि ज्या वर्षी काजूचा भाव पडतो त्या वर्षी तेवढ्याच काजूला तांदूळ कमी मिळतो, म्हणजे थेट जेवणावरच गदा. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की बी बहुतेक सगळी कच्चीच जहाजात चढते, तिथे कारखाने अगदी थोडे, मग फोडण्या-सोलण्याची मजुरी आणि नफा दोन्ही बाहेरच्यांना.

तसं तांदूळ तिथेही पिकतो हां. बालांता लोक खारफुटीच्या जमिनीत बांध घालून, खारं पाणी अडवून भात लावतात, अगदी आपल्या गोव्याच्या खाजणांसारखं. शेतीची ही सगळी नस ओळखणारा माणूस म्हणजे अमिल्कार काब्राल, शिकलेला शेतीतज्ज्ञ, 1953 मध्ये गावोगाव फिरून देशाची शेतीगणना त्यानेच केली, आणि पुढे पोर्तुगीजांविरुद्धचा लढाही त्यानेच उभा केला. जानेवारी 1973 मध्ये त्याचा खून झाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं. नंतर मात्र लष्कराची बंडं काही थांबली नाहीत, त्यात कारखाने काय उभे राहणार!

पण माणसं नाचायची थांबली नाहीत. कार्निव्हलला बिजागोस बेटांवरचे लोक बैलाचे, शार्कचे मुखवटे घालून राजधानी बिसाऊत उतरतात. आणि या देशाचं गुंबे संगीत! टबभर पाण्यात अर्धा भोपळा उपडा तरंगत ठेवतात आणि त्यावर ठेका धरतात, आवाज असा खोल, भरदार येतो की काय सांगू. नक्की शोधून ऐका मंडळी, आणि कसं वाटलं ते आम्हाला कळवा.