घोळातली लांडोर

श्रोतेहो, नमस्कार. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालता ना? आता पानं खुडताना जरा उलटून बघा. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गुळगुळीत अळी दिसली, तर तिचं होतं प्लेन टायगर फुलपाखरू. पंख तांबूस, टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. रुईचा चीक काय चीज आहे, ते मी सांगायला नको. त्यातलं विष याच्या अंगात मुरतं. एकदा खाऊन ओकलेला पक्षी परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

मी सहावीत होतो. शिवाजी पेठेत आजीच्या परसात घोळ माजला होता. (घोळ ताकातलाच करावा. डाळीत कोंबून त्याचा आंबटपणा मारणाऱ्यांशी माझं जमत नाही.) भाजी खुडताना दोन काटेरी, काळ्या अळ्या सापडल्या. मी त्या दोन बरण्यांत ठेवल्या, रोज ताजा घोळ घातला. काही दिवसांनी पहिल्या बरणीतून निघालं काय? प्लेन टायगर! रुईवरचं फुलपाखरू, घोळातून! मी गल्लीभर सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बरणीत बघतो तर काळंभोर फुलपाखरू, पंखांवर पांढरे गोल, गोलांना जांभळट कड. म्हटलं, धाकट्यानंच बरणी बदलली. घातला एक धपाटा. तो भोकाड पसरून चुलीपाशी. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "आरं, मोर नि लांडोर एका रंगाची असत्यात व्हय?"

नसतात! ते डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराचं जोडपं होतं. नर काळा, मादी प्लेन टायगरच्या सोंगात. घोळ खाऊन विष कुठलं येणार? म्हणून विषारी रंग घालून फिरायचं. खूण सांगतो, मागचा पंख बघा. खऱ्याच्या पंखात मधोमध तीन-चार काळे ठिपके, सोंगाच्या वरच्या कडेला एकच. खऱ्याचे तीन-चार, सोंगाचा एक.

अशा सोंगाचा उलगडा हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं १८६२ साली केला, ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं बघून. आणि मुलूख बदलला की सोंगही बदलतं. पूर्व आफ्रिकेत बऱ्याच प्लेन टायगरचं काळं टोक गायब असतं, तर तिथं बिनटोकाच्या माद्याही सापडतात. पश्चिमेकडं त्याचा मागचा पंख पांढरा, की तशा पांढऱ्या पंखांच्याही माद्या आहेत.

धाकटा आता आजोबा झालाय. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढं आलं की विचारतो, "दादा, माझा धपाटा कधी परत घेणार?"